तीन पडदे, एक चेहरा

१९६४ च्या दिवाळीत, ३ नोव्हेंबरला, शिवाजी गणेशन यांचे दोन नवे तमिळ चित्रपट एकाच दिवशी लागले. एक ए. पी. नागराजन यांचा ‘नवरात्री’, दुसरा बी. आर. पंतुलू यांचा ‘मुरडन मुत्तू’. ‘नवरात्री’त त्यांच्या नऊ भूमिका होत्या. म्हणजे त्या सणाला हा एकच माणूस दहा रूपांत लोकांपुढे उभा होता. मराठी वाचकाला त्यांचं नाव परकं वाटू नये. गणेशन नावाच्या या तरुणाने अण्णादुरैंच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली, पेरियारांनी त्याला ‘शिवाजी’ म्हटलं, आणि ते नाव त्याला जन्मभर पुरलं.

दोन चित्रपट एका दिवशी येऊ शकतात, पण शंभरावा चित्रपट एकच असतो. तो मान ‘नवरात्री’ला मिळाला. पंतुलूंना तो आपल्या चित्रपटासाठी हवा होता. ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ आणि ‘कर्णन’ सारखे भव्य चित्रपट त्यांनी शिवाजींना घेऊन काढले होते. ‘मुरडन मुत्तू’ हा दोघांचा शेवटचा एकत्र चित्रपट ठरला. पुढच्याच वर्षी पंतुलूंनी ‘आयिरत्तिल ओरुवन’ काढला तो एम. जी. आर. यांना घेऊन, म्हणजे शिवाजींच्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याला घेऊन.

एका नटाचे अनेक चित्रपट एकाच वेळी चालू असणं म्हणजे त्याच्या लोकप्रियतेचा कळस, असं आपण मानतो. मला त्यात आधी धंद्याची वही दिसते. चित्रपटसंस्थांच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली आणि पुढे पुण्यात आलेली ‘प्रभात’ घ्या किंवा मुंबईची ‘बॉम्बे टॉकीज’ घ्या, नट महिन्याच्या पगारावर असे आणि हातातलं काम संपवून पुढच्या कामाला लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही घडी विस्कटली. स्वतःचा स्टुडिओ नसलेले, बाहेरून भांडवल उभं करणारे निर्माते आले. भांडवल उभं राहायचं ते नटाच्या नावावर. वितरक आपापल्या प्रदेशासाठी हप्त्याहप्त्याने पैसे देत. हप्ता आला की चित्रीकरण, अडला की सेटवर शुकशुकाट.

अशा धंद्यात नटाने एकाच चित्रपटावर विसंबणं धोक्याचं होतं. तो पाच-सात चित्रपट घेई, सकाळची पाळी एका स्टुडिओत, दुपारची दुसऱ्या. त्याच्या तारखा अशा वाटल्या गेल्या की प्रत्येक चित्रपट आणखी रेंगाळे, आणि चित्रपट रेंगाळतात म्हणून तो आणखी चित्रपट घेई. शशी कपूर पाळ्यांमागून पाळ्या करत धावत असत, तेव्हा थोरल्या भावाने, राज कपूर यांनी, त्यांना ‘टॅक्सी’ म्हणून चिडवलं होतं. थट्टा बोचरी होती, पण मीटर काही शशी कपूर यांनी एकट्याने पाडलेलं नव्हतं.

१९७८ चा उन्हाळा या व्यवस्थेचा उत्तम नमुना आहे. २१ एप्रिलला ‘कसमे वादे’, ५ मे रोजी ‘त्रिशूल’, १२ मे रोजी ‘डॉन’. तीन आठवड्यांत अमिताभ बच्चन यांचे तीन चित्रपट आले. पहिल्या आणि तिसऱ्यात दुहेरी भूमिका, म्हणजे तीन पडद्यांवर पाच माणसं. राखी पहिल्या दोन्ही चित्रपटांत होत्या. ‘त्रिशूल’ आणि ‘डॉन’ दोन्ही सलीम-जावेद यांच्या लेखणीतले, एका आठवड्याच्या अंतराने आलेले. हे तिन्ही एकाच जोमात, एकामागून एक घडले असावेत, असं प्रेक्षकाला वाटलं तर त्याचा दोष नाही.

पण ‘डॉन’ घडायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला होता. त्याचे निर्माते नरिमन इराणी हे मुळात छायाचित्रकार. ‘जिंदगी जिंदगी’ची निर्मिती करून ते कर्जात बुडाले होते. ‘रोटी कपडा और मकान’च्या सेटवरच्या सहकाऱ्यांनी त्यांना नवा चित्रपट काढायला हात दिला. त्यांत अमिताभ होते, झीनत अमान होत्या, आणि चंद्रा बारोट होते. दिग्दर्शक म्हणून बारोट यांचा हा पहिलाच चित्रपट. इराणी एका अपघातात गेले आणि ‘डॉन’ पडद्यावर लागलेला त्यांना पाहता आला नाही. त्याच्या कमाईतून त्यांचं देणं फिटलं. तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा तोच चेहरा बघणाऱ्या माणसाला या कर्जाचा पत्ता कुठून असणार?

शिवाय ‘एकाच वेळी’ हा शब्दही शहरागणिक बदलतो. प्रती मोजक्या असत. त्या आधी मोठ्या शहरांत फिरत आणि मग झिजत झिजत तालुक्याच्या गावी पोचत. तिथे नवा, जुना आणि ‘पुन्हा लोकाग्रहास्तव’ आणलेला असे एकाच नटाचे तीन चित्रपट शेजारी शेजारी लागणं ही रोजची गोष्ट होती. पोस्टरांवर एकाच माणसाची तीन वयं दिसत. मल्याळम चित्रपटांत तर प्रेम नझीर यांच्यापुढे हा हिशोबच थिटा पडतो. सत्तरच्या दशकात त्यांचे वर्षाला वीसहून जास्त चित्रपट येत. केरळातला प्रेक्षक ‘नझीरचा चित्रपट लागलाय का’ असं विचारत नसणार, ‘कुठला लागलाय’ असंच विचारत असणार.

आज उलटं झालं आहे. एकाच नटाचा एकच चित्रपट हजारो पडदे व्यापतो आणि पहिल्या तीन दिवसांत त्याचा निकाल लागतो. आपल्याच नटाचा दुसरा चित्रपट त्या शुक्रवारी येऊ नये म्हणून निर्माते जपतात.

चित्रपटांच्या याद्या मात्र अजूनही प्रदर्शनाच्या वर्षानुसार छापल्या जातात. त्यात ‘१९७८’ या आकड्यासमोर तीन नावं निमूटपणे एकाखाली एक बसतात. अर्धवट उभे सेट, अडलेले हप्ते, नायक दुसऱ्या पाळीवर गेला म्हणून मेकअप करून ताटकळणारे रोजंदारीचे कलाकार, यातलं काही तिथे नसतं. मला वाटतं, आपल्या चित्रपटांचा इतिहास कधीतरी तारखांच्या डायऱ्या आणि हिशोबाच्या वह्या समोर ठेवून लिहायला हवा. त्यात नटाच्या नावाशेजारी त्याच्या तारखेची वाट पाहणाऱ्यांनाही जागा मिळेल.