तांब्याचं तोंड, तांब्याचं बूड

तांब्याचं तोंड चपटं काढायचं आणि बूड जास्त गोल. ओट्यावरचा तांब्या आपण वरून बघतो. तोंड डोळ्यांच्या पातळीला जवळ, म्हणून त्याचं लंबवर्तुळ चेपलेलं दिसतं. बूड खाली, म्हणून त्याचं अधिक उघडं. बूड सरळ रेघेनं काढलं की तांब्या टेकत नाही, तरंगतो. हे मला १९७५ साली कोल्हापुरात, आठवीत असताना शिकवलं. टपाल खात्यातली अडतीस वर्षं संपवून पुन्हा पेन्सिल धरली तेव्हा ते डोक्यात जसंच्या तसं होतं. हातात मात्र राहिलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस लंबवर्तुळाची दोन्ही टोकं डोळ्याच्या कोपऱ्यांसारखी अणकुचीदार निघाली. मग नेम धरला: सकाळचा चहा झाला की एक तांब्या, २बी पेन्सिल, वीस मिनिटं. खोडरबर लांब ठेवायचा. चुकलेल्या रेघेशेजारीच दुसरी मारायची, म्हणजे चूक कुठे होते ते दिसत राहतं. सातव्या आठवड्यात हात वळायला लागला. त्या आठवड्यात मला प्रश्न पडला, की आपल्याकडच्या इतक्या पिढ्यांनी शाळेत तांब्या, मडकं, बादली आणि शेजारी दोन वांगीच का काढली? हे कुणी ठरवलं?

त्याचं उत्तर शोधताना आधी लंडनला जावं लागतं. १८५१ साली तिथे मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. इंग्रजी कारखान्यांचा माल यंत्रावर भराभर निघत होता, पण त्याची घडण बेढब होती. हिंदुस्थानातल्या कारागिरांचं काम त्याच्यासमोर उठून दिसलं. आपल्या कामगारांना रेखन यायला हवं, असं तिथल्या सरकारनं ठरवलं. हेन्री कोल यांच्या देखरेखीखाली साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धती उभी राहिली. तिचे तेवीस टप्पे होते. आधी भूमिती, मग छापील नमुन्यावरून नुसती बाह्यरेषा, मग ठोकळे आणि प्लास्टरचे नमुने. रंग बराच पुढे. या पद्धतीमागचं गृहीतक मला फार महत्त्वाचं वाटतं. रेखन ही दैवी देणगी मानली नव्हती. वाचन-लेखनासारखं ते कुणालाही शिकवता येतं असं धरलं होतं.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली अशा शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग भरू लागले. हीच आपली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दरवाजांवरची उठावशिल्पं त्यांची आहेत. भाजी घ्यायला जाणाऱ्यांपैकी फार थोडे मान वर करून बघतात; तुम्ही गेलात तर जरूर बघा. त्याच सुमारास आलेले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पुढे चित्रकार म्हणून नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्याचं हे काम १८८५ पर्यंत चाललं. त्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं अनेक वर्षं खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या नकलाही लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ नष्ट झाल्या. इतक्या माणसांची इतकी वर्षं! पण लेण्यांच्या अंधारात एकेक बोट, एकेक पापणी गिरवताना त्या मुलांच्या हातांत जे आलं, ते काही त्या आगीत गेलं नाही.

गिरवणं हा शब्द आपला आहे. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, घोटायचं, घटवायचं. समर्थांनी दासबोधात एक अख्खा समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यामुळे साउथ केन्सिंग्टनची शिस्त मराठी शाळेत रुजायला जड गेलं नसावं, असं मला वाटतं. १८७९ मध्ये जे. जे.त ड्रॉईंग हा शिकवण्याचा विषय झाला आणि १८९३ पासून तिथे ड्रॉईंगचे शिक्षक तयार होऊ लागले. कलेच्या इतिहासात १८९३ या सालाचा उल्लेख ओझरता येतो. माझ्या लेखी ते फार मोठं साल आहे, कारण तिथून पुढे ‘ड्रॉईंग मास्तर’ हा माणूस जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला.

विद्यार्थ्याचा शिक्षक कसा होई, यासाठी जे. जे.तल्याच धुरंधरांचं उदाहरण घ्या. महादेव विश्वनाथ धुरंधर मूळचे कोल्हापूरचेच. १८९० साली ते जे. जे.त विद्यार्थी म्हणून गेले, १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवणारे पहिले हिंदी चित्रकार ठरले आणि पुढे तिथेच शिकवून १९३१ साली निवृत्त झाले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. त्यांची कन्या अंबिका याही जे. जे.त शिकल्या, चित्रकार झाल्या. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘माझी स्मरणचित्रे’.

स्मरणचित्र म्हटलं की आमच्या पिढीला परीक्षेचा पेपर आठवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. आज या परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं. इंटरमिजिएटला मला बी श्रेणी मिळाली. आमचे सर ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून आलेले होते. एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत ते वस्तूची उंची मोजायचे आणि म्हणायचे, “आधी बघा. कागदाकडे कमी, वस्तूकडे जास्त.” वर्गातली पन्नास मुलं एकदम डोळा मिटायची. त्या पन्नासांतून चित्रकार एकही झाला नाही. सरांना त्याची खंतही नव्हती, आणि आता मला कळतं की ते ज्या परंपरेतले होते तिला ते अपेक्षितच नव्हतं. तिला सुताराला, गवंड्याला, कारकुनाला नीट बघता यायला हवं होतं.

या पद्धतीतलं एक मात्र मला खुपतं. तिनं आमच्या घरातलं रेखन मोजलंच नाही. माझी आई रोज सकाळी सडा घालून उंबऱ्याबाहेर रांगोळी काढायची. चिमटीतून सुटणारी रेघ कुठेही जाड नाही, बारीक नाही, तुटलेली नाही. चैत्रात चैत्रांगण: पाळणा, तुळस, शंख, चक्र, कासव, कमळ, सगळं मनातून, समोर नमुना नसताना. याहून कठीण स्मरणचित्र कुठल्या परीक्षेत येत होतं? वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तिचा सराव चालला, आणि तिला कुणी कधी म्हटलं नाही की बाई, तुझं ड्रॉईंग चांगलं आहे. मीही नाही म्हटलं. वीस मिनिटांचा माझा नेम मला तिच्याकडून आला आहे, हे मला फार उशिरा समजलं.

आता तांब्याच्या सरावासोबत मी आठवड्यातून दोनदा रंकाळा तलावावर जाते. पाणी उतरलं की तळ्यातल्या संध्यामठाचे खांब वर येतात. त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब काढायचं आहे. अजून जमलेलं नाही, उभ्या रेघा उतरत्या होतात. हाच रंकाळा आबालाल रहिमान यांनी कितीदा रंगवला. मुंबईत शिकून ते कोल्हापुरात परत आले, छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले आणि हीच तळी, हीच झाडं, पहाटे-संध्याकाळी पुन्हा पुन्हा काढत राहिले. कोल्हापुरात सांगतात की १९२२ साली महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली. इथल्याच चंद्रकांत मांडरे यांना लोक ओळखतात ते चित्रपटातले नट म्हणून. पण चित्रीकरणाच्या धबडग्यातही त्यांनी पावडर शेडिंगची निसर्गचित्रं करणं सोडलं नाही. राजारामपुरीतलं त्यांचं घर आज त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. तिथे अर्धा तास उभं राहिलं की नुसत्या करड्या भुकटीतून धुकं कसं उभं करतात ते दिसतं.

मोठ्यांची चित्रं राहिली, निदान काही तरी. शाळेतल्या ड्रॉईंगचं काय राहिलं? परीक्षेचे कागद परत मिळत नव्हते. माझ्या सरावाचे जाड कागद आईनं मांडणीवर डब्यांखाली अंथरले, आणि ते योग्यच होतं, कागद महाग होता. सरांनी स्वतः काढलेले नमुने फळ्यामागच्या कपाटात असायचे: पानांच्या फांद्या, पितळी भांडी, भूमितीच्या आकृत्या. निवृत्तीनंतर मी शाळेत जाऊन विचारलं. ते कपाट इमारतीच्या दुरुस्तीत मोडीत गेलं होतं.

तुमच्या घरात आजोबांची, मावशीची, किंवा एखाद्या ड्रॉईंग मास्तरांची जुनी वही असेल, एलिमेंटरीचं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र असेल, तर रद्दीत देऊ नका. मागच्या बाजूला पेन्सिलीनं नाव, गाव, शाळा आणि साल लिहून ठेवा.