संत्र्याचा काटा गेला कुठे?

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याने घाट चढून सिपनेकाठच्या सेमाडोहला पोचेपर्यंत लिंबूवर्गाची दोन रूपे दिसतात. खाली अचलपूर, मोर्शी, वरूडकडे संत्र्याच्या बागा; वर मेळघाटात त्याच कुळातला रानचा बेल. बेलाच्या पानाच्या बेचक्यात सरळ, टणक काटा असतो. संत्र्याच्या फांदीत मजूर बेधडक हात घालतो. संत्र्याचा काटा कोणी कात्री लावून घालवलेला नाही. रोपे करण्याची रीत बदलली, तेव्हा तो मागे पडला. काट्याचा बंदोबस्त बागेत नव्हे, रोपवाटिकेत होतो, हेच वऱ्हाडच्या बागायतीचा इतिहास सांगतो.

दुसरे रघुजी भोसले यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादहून संत्रा नागपूरला आणला, असे परंपरेने सांगितले जाते. 1803 मध्ये गाविलगड पडला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. पण संत्र्याने पुढे ती नदी ओलांडलीच. त्याला इथे रुजवले ते जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्याच्या कलेने. वरूड तालुक्यातले शेंदूरजना घाट अशा कलमांसाठीच नावाजले. फळ धरणाऱ्या जुन्या झाडाची गोल, बिनकाट्याची डोळकाडी घ्यायची, जंभेरीच्या सालीला उभी-आडवी चीर देऊन त्यात डोळा बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा प्रौढ झाडाचा, म्हणून त्यातून वाढणारी फांदीही प्रौढ. तिला काटे नसतात, असलेच तर थोडके.

यावर कोणी म्हणेल, संत्र्याची बी आईसारखीच रोपे देते, मग कलमाचा खटाटोप कशाला? बहुतेक रोपे आईसारखी निघतात हे खरे, पण ती बाल्यावस्थेपासून सुरुवात करतात. ही अवस्था म्हणजेच काटे, उंच वाढ आणि लांबलेली फळधारणा. काटा ही मुळात वाढ थांबलेली फांदीच असते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लिंबूवर्गातली दोन जनुके बंद केली, तेव्हा काट्यांच्या जागी फांद्या फुटल्या. म्हणजे काटा हा झाडाच्या वाढीचाच भाग आहे. कापला तर तोच पुन्हा वाढत नाही, पण नव्या जोमदार फुटीवर नवे येतात. कडक छाटणी आणि नत्राचा मारा यांनी अशी फूट वाढतेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कलमाने काटा गेला नाही, फक्त खाली लपला. हे मान्यच करावे लागते. जंभेरी स्वतः काटेरी आहे. डिंक्या रोगाने वरचा संत्रा खचला की खालून तिचे फुटवे जोर धरतात आणि बागेत आंबट, जाड सालीच्या फळांचे काटेरी झाड उभे राहते. म्हणून डोळ्याखालचा फुटवा कोवळा असतानाच हाताने काढावा लागतो. खुंटाच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावणे, हाही त्याच बंदोबस्ताचा भाग.

कागदी लिंबू मात्र या हिशेबात बसत नाही. त्याची लागवड आजही बव्हंशी बियांच्या रोपांनी होते आणि काटा मोठेपणीही राहतो. वाऱ्यात तो शेजारच्या पानाला, फळाला टोचतो. त्या जखमेतून पावसाळ्यात खैऱ्या रोगाचे जिवाणू शिरतात. तिथे वारा अडवणारी झाडे लावणे, कोरड्या दिवसांत रोगट फांद्या काढणे आणि कात्री निर्जंतुक ठेवणे हाच उपाय. सारे काटे खुडायला गेलात, तर जखमा वाढतील, फायदा नाही.

तेव्हा संत्र्याचे कलम विकत घेताना नुसती उंची पाहू नका. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर आहे का, त्याखाली जंभेरीचा फुटवा राहिलेला नाही ना आणि वरची फांदी बिनकाट्याची आहे का, हे आधी तपासा.