शून्य-पाच-शून्य : डबे जोडणाऱ्या बोटांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. रेकॉर्डिंगच्या वेळी घाईत जे सुटलं होतं, ते मधेमधे भरलंय.

आजचा विषय ऐकून आमच्या घरात सगळे हसले. विषय आहे कपलिंग. म्हणजे रेल्वेचे दोन डबे एकमेकांना धरून ठेवतात ती कडी. आणि तीही आधी खेळण्यातल्या, म्हणजे मॉडेल रेल्वेतली.

झालं असं, की माझ्या मावसभावाने अमेरिकेतून येताना एक जुनं, सेकंड हँड एचओ स्केलचं डिझेल इंजिन आणि सहा वाघिणी आणल्या. एचओ म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा हिस्सा, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे तासन् तास काचेला नाक लावून उभं राहिलेल्या माणसाच्या हातात अशी गाडी आली तर काय होणार? बैठकीत आठ बाय चारचा प्लायवूड पडला, रूळ ठोकले, गाडी सोडली. पुढे छान गेली. रिव्हर्स घेतली आणि तिसरी वाघीण रुळावरून खाली.

परत ठेवली. परत खाली. ओढताना शहाणी आणि ढकलताना वेडी, अशी ही गाडी. आठवडाभर मी रुळांनाच शिव्या देत होतो. दोष रुळांचा नव्हताच. दोष त्या कडीचा होता, आणि तो समजून घेता घेता मी दीडशे वर्षं मागे जाऊन पोहोचलो.

तर मागे जाऊ.

अमेरिकेत सुरुवातीला डबे जोडायची पद्धत म्हणजे लिंक आणि पिन. लोखंडाची एक लांबट कडी, आणि दोन्ही डब्यांच्या खोबणीत वरून घालायची एक-एक खीळ. इंजिन मागे येतंय, डबा डब्याकडे सरकतोय, आणि मधे ब्रेकमन उभा. त्याने एका हाताने कडी उचलून समोरच्या खोबणीत नेमकी घुसवायची, दुसऱ्या हाताने खीळ टाकायची आणि डबे भिडायच्या आत हात काढून घ्यायचा. नाही काढला तर बोटं गेली. पाय घसरला तर माणूसच गेला. असं सांगतात, की यार्डात नोकरी मागायला आलेल्याचे हात आधी बघायचे. दोन बोटं कमी असली म्हणजे गडी अनुभवी.

यावर उपाय शोधणारा माणूस रेल्वेतला नव्हता. एली जॅनी हा यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला आणि नंतर व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाला कापडाच्या दुकानात कारकुनी करणारा गृहस्थ. त्याने लाकडाचे तुकडे कोरून नमुना बनवला. दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवा, करून बघा आत्ता. बस, हीच कल्पना. डबे भिडले की लोखंडी बोटं आपोआप मिटतात आणि सोडवायला बाजूला उभं राहून दांडा ओढायचा. मधे माणूस नाही. पेटंटचं वर्ष १८७३.

आणि मग? मग वीस वर्षं फारसं काही नाही! रेल्वे कंपन्यांना खर्च नको होता, शिवाय प्रत्येकाची आपापली कडी. डबा एका कंपनीचा, इंजिन दुसऱ्या कंपनीचं, तर दोघांची कडी जुळायला नको? १८८० च्या दशकाच्या शेवटी डबे बांधणाऱ्यांच्या संघटनेने जॅनीचा आकार प्रमाण मानला. त्यासाठी जॅनीने त्या बोटांच्या बाह्यरेषेवरचा आपला हक्क सोडला, म्हणून इतरांनाही जुळणारी कपलिंग बनवता आली. आयोवातला लॉरेन्झो कॉफिन नावाचा एक शेतकरी या प्रश्नाने अक्षरशः झपाटला होता. सभा, पत्रं, अधिकाऱ्यांच्या दारात ठिय्या, काही म्हणून त्याने सोडलं नाही. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी रेल्वे कामगाराच्या जिवाच्या धोक्याची तुलना युद्धातल्या सैनिकाशी केली होती. त्यांच्याच सहीने मार्च १८९३ मध्ये कायदा झाला, आणि मुदतवाढी घेत घेत १९०० साली तो पुरता लागू झाला.

आता परत खेळण्याकडे येतो, कारण मजा पुढे आहे. खऱ्या रेल्वेने जो गोंधळ घातला, तोच खेळण्यांच्या जगाने जसाच्या तसा पुन्हा घातला. प्रत्येक कारखान्याची वेगळी कडी, याचा डबा त्याला लागत नाही. अमेरिकेतल्या हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना १९३५ पासून आहे. १९५० च्या दशकात तिच्या खटपटीतून एक्स-टू-एफ नावाची कडी निघाली. प्लास्टिकचा एक आकडा आणि त्याला एक शिंग. स्वस्त, साच्यातून एका घावात निघणारी, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या पेटंटखाली नसलेली. संघटनेने तिला रीतसर प्रमाण कधीच ठरवलं नाही, पण कारखानदारांनी उचलून धरली.

माझ्या वाघिणींना हीच होती. ती धरून राहते ते बाजूच्या दाबावर. ओढताना ठीक. ढकलताना मात्र समोरासमोरची शिंगं एकमेकांना आडवी रेटतात. त्यात माझ्या वाघिणींची कडी डब्याला नव्हती, खालच्या चाकांच्या सांगाड्याला होती. आडवा रेटा थेट सांगाड्यात, सांगाडा तिरका, चाकाची कड रुळावर चढणार आणि वाघीण खाली. वळणाला वळण लागलं असेल तिथे तर हमखास.

जॅनीच्या बोटांची चांगली नक्कल केली ती ओरेगन राज्यातल्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या भावांनी, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात. के आणि डी, म्हणून कंपनीचं नाव केडी. बोट खरोखर मिटतं. पुढे त्यांनी चुंबकाची युक्ती आणली. कपलिंगखाली वाकडी तार लोंबते, दिसायला अगदी ब्रेकच्या हवेच्या नळीसारखी. रुळांमध्ये चुंबक. गाडी ताणात असेल तर वरून निघून जाते, काही होत नाही. पण चुंबकावर थांबवून जरा ढिली केली की दोन्ही तारा विरुद्ध बाजूंना ओढल्या जातात आणि बोटं उघडतात. मग तो डबा तसाच ढकलत नेऊन हव्या त्या सायडिंगला सोडून यायचं. हात न लावता!

या छंदात एक जुना विनोद आहे. वाफेच्या इंजिनांची ओळख चाकांवरून, ०-६-०, २-८-२ अशी. डबे हातानेच उचलून जोडले तर म्हणायचं, आज ०-५-० इंजिन लावलं. मधला पाच म्हणजे पाच बोटं.

मी दोन रविवार घालून इंजिनाची आणि वाघिणींची कपलिंग बदलली. कुणाला करायचं असेल तर सांगतो, खरं काम उंचीचं आहे. एचओत रुळाच्या माथ्यापासून कपलिंगचा मध्य साधारण ९.९ मिलिमीटरवर हवा. इंजिनाची कडी एक मिलिमीटर वर आणि वाघिणीची एक खाली राहिली, की रुळाच्या जराशा उंचवट्यावर एक दुसरीवरून निसटते आणि अर्धी गाडी मागेच राहते. डबी थेट डब्याच्या तळाला स्क्रूने बसवायची, चाकांच्या सांगाड्याला नाही. लोंबती तार सांध्याच्या रुळाला घासत असेल तर पक्कडने किंचित वर वाकवायची. तेल मुळीच नको, धूळ बसते. ग्रॅफाइटची पूड घालतात. मी पेन्सिलचं शिसं घासून घातलं, पण त्यात माती असते, त्यामुळे ते काम कच्चंच. आणि एक, कपलिंग धातूचं असेल आणि इंजिनाच्या सांगाड्यातून एका रुळाची वीज खेळत असेल, तर दोन इंजिनं जोडताच शॉर्ट होऊ शकतं. जुन्या पितळी इंजिनांत हे बघून घ्या, मधे प्लास्टिकची डबी लागते.

ती बारीक स्प्रिंग उडून गालिच्यात गेली तेव्हा मी गुडघ्यांवर बसून शोधत होतो, आणि मला आजोबांचा उजवा हात आठवला.

आजोबा खानदेशातल्या एका मोठ्या यार्डात शंटिंगला होते. आपल्याकडे लिंक-पिन नव्हती, इंग्रजी पद्धतीचं स्क्रू कपलिंग होतं आणि दोन्ही बाजूंना बफर. माणसाने बफरच्या मधे शिरायचं, जड कडी उचलून समोरच्या हुकात टाकायची आणि स्क्रू आवळायचा. रात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात. त्यांच्या तर्जनी आणि मधल्या बोटाची वरची पेरं नव्हती. लहानपणी मी विचारायचो, "आजोबा, तुमची बोटं कुठं गेली?" ते म्हणायचे, "गाडीला दिली." पुढे काही नाही. आजी उठून स्वयंपाकघरात जायची.

हल्लीच्या लाल एलएचबी डब्यांना जे कपलिंग असतं, ते जॅनीच्याच घराण्यातलं. मधोमध एकच, डबे भिडले की आपोआप मिटणारं. पुढच्या वेळी स्टेशनवर दोन डब्यांच्या मधे वाकून बघा, ती बोटं दिसतील. आजोबा हे डबे यायच्या आधीच रिटायर झाले. त्यांना ते बघायला मिळालं असतं तर काय म्हणाले असते, याचा मी विचार केला. बहुतेक काहीच नाही. खाली वाकून दांडा ओढून बघितला असता.

गाडी आता सहा वाघिणी ढकलत वळणावरून मागे जाते. कालच मुलीने चुंबकावर थांबवून शेवटची वाघीण सायडिंगला सोडली, आणि नंतर मला दाखवायला दोन्ही हात वर केले.