करवीरच्या राजोद्यानाविषयीं एक सूचना

कळंब्याचा तलाव ज्या करवीर नगरीच्या पाण्यासाठीं बांधला गेला, तेथें 1877 ते 1884 या काळांत नवा राजवाडा उभा राहिला. वाड्यांत 1974 मध्यें संग्रहालय उघडलें, तेव्हांपासून छत्रपतींच्या या आवारांत प्रेक्षकांचा राबता आहे. वास्तु आहे तशी राखतां येते. भोंवतालची बाग मात्र तशी राखतां येत नाहीं, कारण झाडें जीर्ण होतात. तीं केव्हां काढावीं?

याचा निर्णय करवीर राज्याच्याच आज्ञापत्रांत सांपडतो. रामचंद्रपंत अमात्य लिहितात कीं, आरमारास लांकूड हवें असलें तरी रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं देऊं नये. तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, लोकांनीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. झाड अगदींच जीर्ण झालें, तरच धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें. सारांश, तोड सर्वथा निषिद्ध नाहीं. ती सकारण व संमतीनें व्हावी.

आमची सूचना एवढीच कीं, काढलेल्या झाडाची जात, जागा व कारण, तसेंच त्याजागीं लावलेलें रोप, यांची मितीसह नोंद ठेवावी. जीर्ण पोथीची नक्कल आपण करतोंच. परंतु पुष्पिकेंत लेखनाचा काळ नसेल, तर पुढील संशोधकाचा मार्ग खुंटतो. बागेचेंही तसेंच आहे.