खांद्यावरची सायकल

मध्यंतरी एका शाळेने मुलांशी गप्पा मारायला बोलावले होते. मी जन्मभर क्रीडाशिक्षक म्हणून काढलेला माणूस. मुलांना नियम सांगितले की ती जांभया देतात, गोष्ट सांगितली की ऐकतात, एवढे मला कळते. म्हणून ग्वाल्हेरची गोष्ट सांगितली. शिकत असताना आम्ही चौघे मित्र रविवारी सकाळी सायकली घेऊन माळावर कसे जायचो, ओढ्यात उतरायचो, सायकल खांद्यावर टाकून पलीकडची दरड कसे चढायचो, वगैरे. मुले खूश झाली.

त्या दिवशी माझ्याकडे सोलापूरचा एक मित्र पाहुणा आला होता. तोही त्या चौघांतलाच. परत येताना फेरीबोटीत तो म्हणाला, "लेका, चौघे कुठले? आपण पाच होतो."

मी गप्प झालो. खरेच पाच होतो. एवढी वर्षे मी ही गोष्ट सांगत आलोय आणि कधीपासून पाचाचे चार झाले, माझे मलाच कळले नाही. हा लेख त्या पाचव्यामुळे लिहितोय.

आधी ग्वाल्हेरविषयी. मराठी माणसाला ग्वाल्हेर म्हटले की शिंद्यांचे संस्थान आठवते, नाहीतर ख्यालगायकीचे घराणे. आम्हा क्रीडाशिक्षकांना मात्र आठवते ते लक्ष्मीबाईंच्या नावाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय. 1857 च्या उठावाला शंभर वर्षे झाली त्या 1957 साली ते सुरू झाले. शारीरिक शिक्षणाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम देशात प्रथम तिथे आला. आज त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. मी 80 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गेलो. मणिपूर, केरळ, पंजाब, महाराष्ट्र, सगळीकडची मुले. आणि थंडी! डिसेंबरातल्या धुक्यात मैदानाचे दुसरे टोक दिसत नसे. गोव्यातल्या मुलाला ती थंडी म्हणजे शिक्षाच.

रविवारी मोकळा वेळ असे. आम्ही पाच जण तासाच्या भाड्याने सायकली घ्यायचो. काळ्या, जड, पुढे दांडी आणि मागे कॅरियर असलेल्या. वजन वीस किलोच्या आसपास. शहराबाहेर बाभळींचा माळ होता, मधून एक कोरडा ओढा. दगडांच्या खुणा ठेवून आम्ही दीडदोन किलोमीटरचा फेरा आखला होता. अर्ध्या तासात जास्त फेरे मारील तो जिंकला. ओढ्याच्या काठावर सायकल चालवणे शक्यच नव्हते. उतरायचे, दांडीखाली हात घालून सायकल खांद्यावर घ्यायची, दरड चढायची आणि वर गेल्यावर पुन्हा टांग टाकायची.

पैसे पाच सायकलींपुरते कधीच नसत. चार घ्यायचो. चौघे पळवायचे आणि पाचवा ओढ्यापाशी उभा राहायचा. हा पाचवा नांदेडकडचा. त्याच्याकडे पान्हा, सोल्युशनची ट्यूब, पंप आणि कानस असे. बाभळीच्या काट्याने चाक बसले की धावत त्याच्यापर्यंत जायचे. कोटरपिन सैल झाली तर तो दगडाने ठोकून बसवायचा. चाक वाकडे झाले तर तारा आवळून तिथल्या तिथे आऊट काढायचा. आमच्या शर्यती संपायच्या त्या त्याच्यामुळे. तो स्वतः मोजक्याच वेळा पळाला, आणि जिंकला एकदाही नाही.

आमच्या या खेळाला नाव नव्हते. आपणच काढलेला पोरखेळ, अशी समजूत होती. बऱ्याच वर्षांनी केबलवर बेल्जियममधली एक शर्यत पाहिली आणि उडालोच. चिखलाने माखलेली माणसे सायकली खांद्यावर घेऊन चढ चढत होती! या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात हे तेव्हा कळले.

त्याचा इतिहास मजेशीर आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या सायकलपटूंना हिवाळ्यात काय करावे हा प्रश्न असे. रस्त्यावरच्या शर्यती बंद, अंगात थंडी भरलेली. मग शेतांतून, कुंपणांवरून, ओढ्यांतून सायकली हाकायला त्यांनी सुरुवात केली. डॅनिएल गुसो नावाच्या सैनिकाने त्याला स्पर्धेचे रूप दिले आणि 1902 साली फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली असे सांगतात. 1910 साली ऑक्ताव्ह लापीझने तूर द फ्रान्स ही मोठी शर्यत जिंकली आणि आपल्या तयारीचे श्रेय हिवाळ्यातल्या सायक्लोक्रॉसला दिले. तेव्हा कुठे या चिखलातल्या खेळाकडे लोकांचे लक्ष गेले. पहिली जागतिक स्पर्धा 1950 साली पॅरिसला झाली. ती जिंकणारा झाँ रोबीक हा तूरचा 1947 चा विजेता. स्त्रियांची जागतिक स्पर्धा मात्र 2000 साली सुरू झाली.

आज मोठ्या शर्यतीचा फेरा अडीच ते साडेतीन किलोमीटरचा असतो. पुरुषांची शर्यत साधारण तासाभराची. वाटेत फळ्यांचे अडथळे, पायऱ्या, वाळू, चिखल. मला सर्वांत आवडली ती एक सोय. वाटेत ठरावीक जागी सायकल बदलायला मुभा असते. स्वार चिखलाने जड झालेली सायकल साथीदाराच्या हाती सोडतो, स्वच्छ सायकल उचलतो आणि पुढे जातो. पुढच्या फेऱ्यापर्यंत साथीदार ती धुऊन, साखळीला तेल घालून तयार ठेवतो. क्लबाच्या हौशी शर्यतींत हे काम क्लबातलीच माणसे आळीपाळीने करतात. टीव्हीचा कॅमेरा त्यांच्यावरून सर्रकन पुढे जातो.

ते पाहताना मला आमचा ओढा आठवला होता. गंमत म्हणजे, ओढ्यापाशी उभा असलेला माणूस तेव्हाही आठवला नाही.

सायकलीच्या इतिहासात अशा माणसाची एक गोष्ट आहे. यूजेन क्रिस्तोफ हा फ्रेंच सायकलपटू सायक्लोक्रॉसचा अनेक वेळचा राष्ट्रीय विजेता. 1913 च्या तूरमध्ये पिरेनीज पर्वतात तुरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कोणाची मदत घ्यायची नाही. या पठ्ठ्याने सायकल खांद्यावर घेतली आणि दहाबारा किलोमीटरची वाट तुडवत खालच्या गावातला लोहाराचा भाता गाठला. तासन् तास खपून चिमटा स्वतः घडवला. अधिकारी समोर उभे राहून पाहत होते. काम झाल्यावर त्यांनी त्याला 10 मिनिटांचा दंड केला. का? तर एका पोराने त्याच्यासाठी भाता ओढला होता! दंड पुढे 3 मिनिटांवर आला म्हणतात. जगभर गाजली ती क्रिस्तोफची जिद्द. भाता ओढणारे पोर गोष्टीत येते ते फक्त दंडाचे कारण म्हणून.

आपल्याकडेही असेच झाले आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर जगप्रवासाला निघाले. विशीतली पोरे. ना कोणाचा आश्रय, ना बरोबर गाडी. इराण, इराकचे वाळवंट, सिनाई, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असे करत ते 18 मार्च 1928 रोजी मुंबईला परतले. अंतर सुमारे 71,000 किलोमीटर. वाळूत चाके रुतली की सायकलच माणसाच्या अंगावर येते, हे चालवणाऱ्याला सांगायला नको. त्यांच्या प्रवासाचे इंग्रजी पुस्तक 1931 साली निघाले आणि त्याला पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली.

परत आलेल्यांची नावे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. तिघे. म्हणजे निघाले सहा आणि आले तीन. नरिमन कपाडिया तेहरानहून मागे फिरले. केकी पोचखानवाला आणि गुस्ताद हाथीराम यांची वाट अमेरिकेत वेगळी झाली. हाथीराम तर तिथेच राहिले. आज या प्रवासाविषयी कोणी लिहिले की बहुधा 'ते तीन सायकलवीर' असेच लिहिले जाते. मुंबई ते तेहरान सायकल मारून गेलेला माणूस हा काय कमी? तेही कुठून? बलुचिस्तान, इराणच्या वाटांनी, 1920 च्या दशकात. पण तो परत फिरला, म्हणून आपण त्याला मोजत नाही.

फेरीबोटीत हे सगळे माझ्या डोक्यात नव्हते. तेव्हा नुसती लाज वाटली. रात्री झोप येईना तेव्हा आठवली ती ग्वाल्हेरची सुवर्णरेखा.

शहरातून वाहणारा हा नाला. आता त्याला काँक्रीटचे काठ आहेत. जवळच फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून 1858 मध्ये तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी यांनी ग्वाल्हेर ताब्यात घेतले. शिंदे आग्र्याला निघून गेले. मग सर ह्यू रोजची फौज चालून आली. कोट्याच्या सराईजवळ लढाई झाली आणि 8व्या हुसारांच्या हल्ल्यात राणी पडली. तारीख कोणी 17 देतात, कोणी 18. राणीचा घोडा नवा होता, तो नाल्यापाशी अडला, काही केल्या उडी घेईना, असे सांगतात. आम्ही तिथे शिकत असताना ही गोष्ट शंभरदा ऐकली. धडधाकट पायांवर फिरणाऱ्या आमच्यासारख्या पोरांना त्या नाल्याची रुंदी पाहून नवल वाटायचे. एवढ्याशा पाण्यापाशी इतिहास अडला?

पण आता वाटते, आम्ही घोड्याविषयीच बोललो. राणी पडल्यावर तिला उचलून सुरक्षित जागी नेणारे, गोऱ्यांच्या हाती देह लागू नये म्हणून घाईघाईने अग्नी देणारे, गंगादासांच्या शाळेतले साधू, लहानग्या दामोदररावाला रानोमाळ घेऊन फिरणारे सोबती... त्यांच्यापैकी रामचंद्रराव देशमुखांसारखी एखाददुसरी नावे आपल्याला माहीत असतात. बाकीचे 'विश्वासू सेवक' या दोन शब्दांत संपतात. दामोदरराव जगले, पुढे इंदूरला राहिले, ते त्या दोन शब्दांमुळे.

आमच्या खेळाची तुलना त्या लढाईशी करायची नाही. तेवढी अक्कल मला आहे. सांगायचे एवढेच की गोष्ट सांगणाऱ्याला विजेता हवा असतो, नाहीतर हुतात्मा. भाता ओढणारा त्याच्या उपयोगाचा नसतो. आणि जो अर्ध्यातून गेला तो तर नाहीच.

आमचा पाचवा अर्ध्यातूनच गेला होता. दुसऱ्या वर्षी त्याचे वडील वारले. घरी शेती आणि धाकटी भावंडे. एका संध्याकाळी आम्ही त्याला स्टेशनवर सोडले. पुन्हा येतो म्हणाला. आला नाही. त्याचा पान्हा आमच्याकडेच राहिला. पुढच्या रविवारी आम्ही माळावर गेलो, पहिल्याच फेऱ्यात एक चाक बसले आणि ते काढायला कोणाचाच हात चालेना. सायकली ढकलत परत आलो. त्यानंतर हळूहळू तो खेळ बंदच पडला. मुलांना गोष्ट सांगताना मी हा शेवट कधी सांगितला नव्हता. चौघांच्या गोष्टीत तो बसतच नव्हता ना!

दुसऱ्या दिवशी सोलापूरकराने चार ठिकाणी फोन लावून त्याचा नंबर मिळवला. त्याचे मोटरपंप दुरुस्तीचे दुकान आहे. मी नाव सांगितले, ओळख दिली. क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "गोवेकर! अरे, माझा पान्हा कुठंय?"

आम्ही खूप हसलो. मग मी त्याला खरे ते सांगितले. मुलांना आपण चौघेच होतो असे सांगत आलो, म्हटले. त्याला राग आला नाही. "मी कुठं पळत होतो? मी तर उभाच असायचो," म्हणाला. राग आला असता तर बरे झाले असते असे वाटले.

आपल्या गोव्यात खाजनाच्या बांधावरून पावसाळ्यात ज्यांनी सायकल नेली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. मानशीपाशी बांध खचलेला असला की एकट्याने सायकल खांद्यावर घेऊन उतरता येत नाही. कोणीतरी पलीकडे उभे राहून हात द्यावा लागतो. पाव विकणारा पोदेरसुद्धा अशा वेळी टोपली कोणाच्या तरी हाती देतो आणि मग सायकल उचलतो. पलीकडे पोहोचल्यावर टोपली धरणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही, हे खरे. पण निदान आपण ते विसरू नये.

त्या शाळेत पुन्हा जाणार आहे. मुख्याध्यापिका बाईंना तसे कळवलेही आहे. मुलांना म्हणणार आहे, बाळांनो, मागच्या वेळी माझ्या गोष्टीत एक माणूस राहून गेला होता. आम्ही पाच होतो.