संधिवाताभ संधिशोथाच्या रक्तचाचण्या

हातापायांच्या लहान सांध्यांना सूज व सकाळचा ताठरपणा आणणाऱ्या या चिरकारी विकारात उपचारास विलंब झाल्यास सांध्यांतील उपास्थी व हाडे झिजून कायमचे व्यंग येते. त्यामुळे लवकर निदान करू शकणाऱ्या रक्तचाचणीचा शोध दीर्घकाळ चालू राहिला.

नॉर्वेतील एरिक व्हॉलर यांनी १९४० मध्ये असे दाखविले की, सशाच्या प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या मेंढीच्या तांबड्या कोशिकांचे अशा रुग्णांच्या रक्तरसामुळे समूहन होते, म्हणजे त्या एकमेकींस चिकटून त्यांचे पुंजके बनतात. अमेरिकेत हॅरी रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये हीच घटना स्वतंत्रपणे नोंदविली. म्हणून ही चाचणी व्हॉलर-रोझ चाचणी या नावाने ओळखली जाते. जॅक सिंगर व चार्ल्स प्लॉट्झ यांनी १९५६ मध्ये कोशिकांऐवजी मानवी गॅमा ग्लोब्युलिनाचा लेप दिलेले लॅटेक्सचे कण वापरले. त्यामुळे चाचणी सोपी होऊन सर्वत्र रूढ झाली.

समूहन घडविणाऱ्या द्रव्यास संधिवाताभ घटक म्हणतात. तो स्वतःच्याच ग्लोब्युलिनाविरुद्ध तयार झालेला प्रतिपिंड होय. सु. ७० ते ८० टक्के रुग्णांत तो आढळतो. तथापि कुष्ठरोग, क्षयरोग, यकृतशोथ-सी यांसारख्या विकारांत आणि काही निरोगी वृद्धांतही तो असतो. उलट, काही रुग्णांत तो कधीच आढळत नाही.

अधिक विशिष्ट चाचणीचा मार्ग नेदर्लंड्समध्ये सापडला. तेथे १९६४ मध्ये रुग्णांच्या रक्तरसात एक वेगळा प्रतिपिंड आढळला होता. अशा प्रतिपिंडांचे लक्ष्य प्रथिनांतील सिट्रुलीन हे ॲमिनो अम्ल असल्याचे १९९८ मध्ये तेथेच दाखविण्यात आले. त्यावर आधारलेली सीसीपी-रोधी प्रतिपिंड चाचणी अन्य विकारांत क्वचितच होकारार्थी येते. हे प्रतिपिंड लक्षणांपूर्वी काही वर्षे रक्तात असू शकतात.

तरीही निदान केवळ रक्तावरून होत नाही. अमेरिकी व यूरोपीय संस्थांनी २०१० मध्ये ठरविलेल्या वर्गीकरणाच्या निकषांत निदान एका सांध्याला प्रत्यक्ष सूज असणे आवश्यक असून १० पैकी ६ गुण लागतात. प्रतिपिंडांस जास्तीत जास्त ३ व शोथदर्शक रक्तचाचण्यांस १ असे रक्तास एकूण ४ गुणच मिळतात. याउलट, प्रतिपिंड नसतानाही सांध्यांची स्थिती व विकाराचा काळ यांवरून ६ गुण होऊ शकतात. म्हणून चाचणी नकारार्थी आली, तरी सुजलेल्या सांध्यांकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते.