दोन मस्टँग, एक प्रश्न : जुनी गाडी किती नवी करावी?

१/
जानेवारी २०२०. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका जुन्या मोटारीचा लिलाव झाला. हिरवा रंग विटलेला, पत्र्याला पोचे, ठिकठिकाणी गंज. बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. शुल्क धरून रक्कम ३७.४ लाखांवर गेली. हीच गाडी १९७४ मध्ये ६,००० डॉलरला विकली गेली होती. मधल्या काळात कोणी तिला नवाकोरा रंग दिला असता, तर काय झाले असते?

२/
त्यासाठी आधी ‘मसल कार’ म्हणजे काय ते पाहू. साध्या, आटोपशीर गाडीत मोठे व्ही-८ इंजिन, हे तिचे सूत्र. १९६४ मध्ये पाँटियाकने टेंपेस्ट या गाडीवर ‘जीटीओ’ नावाचा जादा संच सुमारे २९६ डॉलरला देऊ केला. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग आली. मूळ किंमत २,३६८ डॉलर.

३/
स्वस्ताईचे टोक गाठले ते १९६८ च्या प्लिमथ रोड रनरने. किंमत २,८९६ डॉलर. सुरुवातीच्या गाड्यांत गालिचाऐवजी रबरी चटई होती. कंपनीने खर्च केला तो इंजिनावर, आणि कार्टूनमधील पक्ष्याचे नाव वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला दिलेल्या ५०,००० डॉलरवर. या गाड्या संग्रहालयासाठी घडल्याच नव्हत्या. तरुणांनी विकत घ्याव्यात आणि दामटाव्यात, यासाठी त्या घडल्या होत्या.

४/
हा काळ अल्पजीवी ठरला. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि ऑक्टोबर १९७३ ची तेलबंदी यांनी या गाड्यांची रया घालवली. त्या जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागल्या. कोणी इंजिन बदलले, कोणी रंग बदलला, कोणी शर्यतीत मोडल्या. उरलेल्या परसात आणि भंगारात गंजत पडल्या.

५/
पुढे तारुण्यात ज्यांनी या गाड्यांची स्वप्ने पाहिली होती, त्यांच्या हाती पैसा आला आणि किमती चढल्या. मग ‘कारखान्यातून निघाली तशी’ हा आदर्श रूढ झाला. इंजिनावर कोरलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो का, हा कळीचा प्रश्न बनला. जुळणी कामगारांनी खडूने केलेल्या खुणाही नव्याने काढल्या जाऊ लागल्या!

६/
या आदर्शात एक गोची होती. त्या काळी कारखान्यातून निघणाऱ्या गाड्या मुळीच निर्दोष नव्हत्या. रंगाचा थर खडबडीत असे, दरवाजांच्या फटी कमीजास्त असत. आज आरशासारख्या चकाकणाऱ्या कित्येक गाड्या मूळ गाडीपेक्षा देखण्या आहेत. म्हणजे जो भूतकाळ कधी नव्हताच, तो त्यांत ‘परत आणला’ गेला आहे.

७/
हा वाद मोटारींहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने मध्ययुगीन वास्तू पूर्णत्वाला नेल्या. त्या पूर्वी कधी तशा नसल्या तरी. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनला असा जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा नाशच वाटे. मे १९६४ मध्ये, मस्टँग बाजारात आल्यानंतर महिनाभराने, व्हेनिस सनदेने मर्यादा आखली: जिथून तर्क सुरू होतो, तिथे जीर्णोद्धाराने थांबावे.

८/
आता पुन्हा त्या हिरव्या गाडीकडे वळू. १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटासाठी एकसारख्या दोन मस्टँग घेतल्या गेल्या. दोन्ही कॅलिफोर्नियातील सॅन होजे कारखान्याच्या, क्रमांकही लागोपाठचे: एकीचे शेवटचे आकडे ५५८, दुसरीचे ५५९. स्टीव्ह मॅक्वीनच्या या चित्रपटातील सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा पाठलाग आजही नावाजला जातो. दोघी जणू सख्ख्या बहिणी. नशीब मात्र निराळे.

९/
५५९ ही प्रामुख्याने मॅक्वीनच्या दृश्यांसाठीची गाडी. १९७४ मध्ये जाहिरात वाचून ती एका कुटुंबाने घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. घरातील शिक्षिका तीच चालवत शाळेत जात. १९७७ मध्ये मॅक्वीनने पत्र पाठवून ती परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. १९८० मध्ये क्लच निकामी झाला आणि गाडी वर्षानुवर्षे बंद राहिली. जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात ती जगासमोर आली.

१०/
तोवर कुटुंबाने ती चालती केली होती. रंग मात्र तसाच ठेवला होता. हा निर्णय फार मोलाचा ठरला. चित्रपटासाठी गाडीच्या तोंडावरचे घोड्याचे चिन्ह काढले होते, खाली कॅमेऱ्यासाठी आधार जोडले होते. ‘कारखान्यातून निघाली तशी’ हा आदर्श इथे लावला असता, तर चिन्ह परत बसले असते, आधार कापले गेले असते. गाडी नवी झाली असती आणि तिचा पुरावा नाहीसा झाला असता.

११/
५५८ ही उड्या आणि धडकांची गाडी. ती २०१७ च्या सुमारास मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियात सापडली: पांढरा रंग फासलेला, इंजिन नसलेला सांगाडा. नव्या मालकाला तिची ओळख ठाऊक नव्हती. २००० सालच्या ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’मधील ‘एलेनॉर’ या मस्टँगची प्रतिकृती बनवण्याचे काम तिच्यावर सुरूही झाले होते.

१२/
मध्येच गाडीचा क्रमांक तपासला गेला आणि काम थांबले. पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनच्या आधाराला दिलेली जादा बळकटी तिच्या मूळ कामाची साक्ष देत होती. जरा उशीर झाला असता, तर एका चित्रपटाचा खरा पुरावा दुसऱ्या चित्रपटाच्या नकलेखाली कायमचा गाडला गेला असता; तोही हौसेने, पदरचे पैसे खर्चून.

१३/
दोघींना एकच नियम मात्र लावता येत नाही. ५५९ चे बहुतेक मूळ अंग शाबूत होते. तिथे हात आखडणे शहाणपणाचे होते. ५५८ मध्ये इंजिनच नव्हते. ‘आहे तशी’ ठेवली असती, तर ती पुन्हा कधीच चालली नसती. किती पुढे जायचे, हे किती उरले आहे यावर ठरते.

१४/
आणि प्रत्येक जुनी गाडी ‘बुलिट’ची नसते. १९६८ या एका वर्षात तीन लाखांहून अधिक मस्टँग बनल्या. साध्या, स्वस्तात मिळालेल्या गाडीच्या पत्राकाम-रंगकामाचा खर्च पुष्कळदा तिच्या विक्रीच्या किमतीलाही मागे टाकतो. शिवाय १९६७-६८ च्या मस्टँगचा आख्खा सांगाडा आज नवा विकत मिळतो. सगळेच नवे बसवले, तर जुने म्हणून उरते काय? बहुधा क्रमांकाची पट्टी.

१५/
आंतरराष्ट्रीय प्राचीन-वाहन महासंघाच्या (फिवा) ट्यूरिन सनदेने २०१२-१३ मध्ये व्हेनिसचा विचार मोटारींपर्यंत आणला. गाडी कोणत्या तारखेला कारखान्यातून निघाली, एवढाच तिचा इतिहास नसतो; पुढच्या वापराच्या खुणाही त्यातच मोडतात. म्हणून शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी.

१६/
यातून निर्णयाचा एक क्रम हाती येतो. घासकागद लावण्यापूर्वी क्रमांक आणि खुणा तपासाव्यात, छायाचित्रे घ्यावीत. मग गंज रोखावा. ब्रेक, इंधनाच्या नळ्या, वायरिंग, टायर यांत तडजोड नको. तिथे प्रश्न जिवाचा असतो. नंतर उलटवता येतील असे बदल, आणि काढलेले सुटे भाग जपून ठेवावेत. रंग खरवडणे आणि पत्रा कापणे अगदी शेवटी. कारण ते परत फिरवता येत नाही.

१७/
मराठीत यासाठी तीन शब्द पूर्वीपासून आहेत: जतन, डागडुजी आणि जीर्णोद्धार. तिन्हींचे काम वेगळे. इतिहास हाताळणाऱ्याने पहिल्या शब्दापासून सुरुवात करावी आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर कारण मागावे.

१८/
उशिरा रंगवलेली गाडी केव्हाही रंगवता येते. घाईने रंगवलेली गाडी पुन्हा जुनी करता येत नाही. ५५९ च्या पोच्यांची किंमत लिलावात कळली; ५५८ वर ती पुसली जायची वेळ जवळजवळ आलीच होती.